आडदोरी

“आज नको, बाई.”

हौसा वाटेच्या मधोमध उभी होती. तिच्या पाठीमागं करवंदीच्या जाळीपासून अंजनीच्या खोडापर्यंत मुरुडशेंगेच्या सालीची दोरी आडवी बांधलेली. माझ्या मागं विस्तार अधिकारी दळवी साहेब चढाच्या दमानं फुसफुसत होते आणि त्यांच्या मागं बाकीची अकरा पोरं एकाएकी गप्प झाली होती.

“आज नको म्हणजे?” मी हसत विचारलं. साहेबांना ऐकू जावं म्हणून जरा मोठ्यानं.

“उद्या या. उद्या दावतो समद्यास्नी.”

“उद्या साहेब कुठले इथं असायला, हौसा?”

ती अंगठ्यानं माती उकरत राहिली. तिच्या केसांत, भुवयांत, परकराच्या काठाला, सगळीकडं सावरीचा कापूस अडकला होता. नऊ वर्षांची पोर, पण वाट अडवून अशी उभी होती की साहेबसुद्धा एक पाऊल मागं सरले.

तेरा वर्षं झाली त्या शनिवारला. मी तेव्हा आंबेटेपच्या धनगरवाड्यावर एकशिक्षकी शाळेत होते. एक खोली, एक फळा, बारा मुलं. पहिल्या वर्षी मी त्यांना पुस्तकातल्या चित्रावरून पानांचे प्रकार शिकवत होते, तर कोंडू कचरे तोंडावर हात ठेवून खुदखुदायला लागला. “काय झालं रे?” म्हटलं तर म्हणाला, “बाई, ह्ये पान मेल्यालं हाय. चला, जित्तं दावतो.” आणि खरोखरच माझा हात धरून शाळेमागच्या राईत घेऊन गेला. त्या दिवसापासून शनिवार मुलांचा झाला.

शनिवारी मी राईत एका खडकावर बसायची. जवळ पाण्याची कळशी, मलमाची डबी आणि वही. काय करायचं ते मुलांनी ठरवायचं. त्यांनी विचारल्याशिवाय मी सांगायचं नाही, बोलावल्याशिवाय जायचं नाही. सावरीचे काटे दगडावर घासून ती त्यांचे शिक्के करायची आणि जांभळाच्या रसात बुडवून एकमेकांच्या कपाळावर उठवायची. आंब्याच्या कोयी घासून पुंग्या करायची. पळसपानांची इरली, कारवीच्या काठ्यांची घरं. भांडणं झाली तर ती आपसांत मिटवायची आणि त्यातच त्यांचं बेरीज-वजाबाकीपासून न्यायनिवाड्यापर्यंत सगळं होऊन जायचं. वर्गात चार-चार दिवस तोंड न उघडणारी हौसा ढेबे राईत शिरली की सगळ्यांची कारभारीण व्हायची.

आडदोरी तिनंच काढली. एकदा त्यांनी कारवीचं दुकान मांडलं होतं आणि मी न बोलावता आत डोकावले. हौसानं कमरेवर हात ठेवून मला बाहेर काढलं आणि वाटेवर दोरी बांधली. “ही बांधली की मोठ्या माणसानं आत यायचं न्हाई. आमी सोडली की यायचं.” मी म्हटलं, कबूल. नुसतं कबूल म्हटलं नाही, पाळलंही. एकदा माझा जेवणाचा डबा दोरीच्या आत राहिला आणि सोडायची आठवण पोरांना झाली नाही. दुपारी तीनपर्यंत मी उपाशी बसले. वाड्यावर त्यावरून आठवडाभर माझी चेष्टा झाली. “बाईंस्नी पोरांनी कोंडवाड्यात घातलं,” म्हणून. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी फाल्गुनात पत्र आलं. पट कमी असलेल्या शाळा खालच्या गावच्या शाळेत मिळवायच्या. खालची शाळा नदीपलीकडं. पाऊस लागला की चार महिने नदी ओलांडता येत नाही, हे वाड्यावरच्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. शाळा गेली असती तर हौसा, रानू, कोंडू, सगळी पोरं गुरांमागं गेली असती. दळवी साहेब येऊन पाहणार, अहवाल लिहिणार आणि त्यावर ठरणार होतं. मी त्यांना मुद्दाम शनिवारी या म्हणून कळवलं. मुलांना एवढंच सांगितलं, “साहेब येणारेत. तुम्ही रोज करता तेच करा.”

होळीपासून मुलं काहीतरी करत होती. शनिवार उजाडला की आडदोरी बांधलेली. आतून ठोकल्याचा, तासल्याचा आवाज यायचा. चैत्र लागला, सावरीची बोंडं तडकली, आणि सगळी राई कापसानं भुरभुरली. हौसा ओटीत कापूस गोळा करून माझ्या खडकाशेजारी येऊन बसायची आणि एकेक काळी बी वेचून काढायची. वेचता वेचता गुणगुणायची.

सावर फुटली बाई, कापूस वाऱ्याला देऊ नका,
पाळण्याच्या बाळाला बाई, काठ्यांवर ठेवू नका.

“कुणाची गं ही ओवी? आयेची?”

“माजीच.”

मी वहीत लिहिलं, स्वरचित ओवी, छान. एकदा ती कोपरापासून बोटांपर्यंत हात मोजत होती आणि पुढं आणखी चार बोटं. “केवढं करतेस?” विचारलं तर म्हणाली, “येवढंच. नीट मोजलंय म्या.” मी लिहिलं, प्रमाणित नसलेल्या एककांनी मापन. माघात ती आठ दिवस शाळेत आली नव्हती, आईला बरं नव्हतं म्हणाली होती. ते मी हजेरीपटावर लिहिलं होतं. वही आणि हजेरीपट मी कधी शेजारीशेजारी ठेवून वाचले नाहीत.

आणि मग तो शनिवार.

दळवी साहेब माणूस वाईट नव्हता. पोट सुटलेला, घामेजलेला, सारखा रुमाल शोधणारा. वर पोचल्या पोचल्या म्हणाले, “बाई, तुम्हाला इथं कुणी पाठवलं? कुणाचं घोडं मारलं होतंत?”

“मी मागून घेतलं, साहेब.”

“मग तुमचीच तपासणी करायला पाहिजे आधी.”

पोरं हसली. कोंडू म्हणाला, “सायबांच्या बुटात कुसळं गेल्यात. आता दोन दिस नाचत्याल.” साहेबांनीही हसून घेतलं. त्यांनी शिक्के बघितले, पुंगी वाजवून बघितली, ती वाजेना तेव्हा रानूनं त्यांना ओठ कसे धरायचे ते शिकवलं. पण हळूहळू ते घड्याळाकडं बघायला लागले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे बघा, मला आवडलं. पण वर बसलेल्या लोकांना मी काय लिहू? पोरं पुंगी वाजवतात? मला काहीतरी हातात द्या, बाई. दाखवण्यासारखं. नाहीतर माझा इलाज नाही.”

माझ्या डोळ्यांसमोर होळीपासूनचं ते ठोकणं आलं, तासणं आलं, आणि कापूस. “आहे,” मी म्हटलं. “चला.”

अशी मी त्यांना घेऊन त्या वाटेवर आले, आणि हौसा आडवी आली.

“आज नको, बाई,” ती परत म्हणाली. आता आवाज अगदी खाली. “आज आमचं काम हाय.”

“तेच तर बघायचंय साहेबांना. हौसा, ऐक. आपली शाळा राहायला पाहिजे की नको?”

“पायजे.”

“मग?”

तिनं मागं वळून पोरांकडं बघितलं. रानू रडकुंडीला आली होती. कोंडू दुसरीकडंच बघत होता. कुणी तिच्या मदतीला आलं नाही.

साहेब म्हणाले, “राहू द्या बाई, पोरांची इच्छा नाही तर.” हे त्यांनी म्हटलं होतं, मला पक्कं आठवतं. त्यांनी म्हटलं होतं आणि मी म्हटलं, “नाही हो, लाजतेय ती.” मी हौसाच्या खांद्याला धरून तिला हलकेच बाजूला केलं आणि दोरीची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, सालीची. सोडवायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी थांबू शकले असते.

आत उंबराखाली जागा झाडून शेणानं सारवलेली. उंबराच्या खालच्या फांदीला कारवीचा पाळणा टांगलेला. एकही खिळा नाही, सगळं सालीनं बांधलेलं, बाजूंना कडुलिंबाच्या डहाळ्या खोवलेल्या. आत सावरीच्या कापसाची गादी. गादीवर लाल खणाची कुंची, हिरवा काठ, गळ्याशी नाडी, आत कापूस भरून तिला डोक्याचा आकार दिलेला. भोवती गोल करून पानांचे बारा द्रोण मांडले होते. प्रत्येकात मूठभर भिजवलेले हरभरे.

बारा द्रोण, हरभरे, पाळणा. मी बाईमाणूस, माझ्या माहेरी कितीतरी वेळा मी स्वतः घुगऱ्या वाटल्या होत्या. मला वाटलं, पोरांनी खाऊ आणलाय.

“अरे वा,” साहेब खरोखर हरखले. “हे कुणी केलं?”

पोरांनी हौसाकडं बघितलं.

“पाळणा कोंडूनं आणि मी,” शेवटी रानू म्हणाली. “गादी हौसानं.”

“आणि ही कुंची? एवढीशी? कुणी शिवली?”

“हौसानं आणली.”

साहेबांनी वाकून कुंचीच्या काठावरनं बोट फिरवलं. बाहुलीला हात लावावा तसं. “नाव काय गं हिचं?”

“त्याचं,” हौसा म्हणाली. “अजून ठिवल्यालं न्हाई.”

साहेब हसले. एका द्रोणातले हरभरे त्यांनी तोंडात टाकले. “चांगले भिजलेत.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “बाई, हे मला द्या. तालुक्याला हस्तकलेचं प्रदर्शन लागतंय सोमवारपासून, मोठे साहेब यायचेत. मी दहा पानं लिहिण्यापेक्षा हे समोर ठेवतो. शाळेचं मी बघतो.”

मला दुसरं काय हवं होतं? मी हौसाकडं वळले. विचारल्यासारखं केलं. “देऊया ना, हौसा? सगळ्यांसाठी?”

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी तिथंच भानावर आले असते. एखादं माणूस ओळखीचं आहे का, असं लांबून निरखावं तसं बघितलं.

“तुमीच द्या,” ती म्हणाली.

मी पाळणा फांदीवरनं उतरवला. उतरवताना गादी तिरकी झाली आणि थोडा कापूस उडाला. कुंची मी नीट आत बसवली. शाळेपाशी थांबलेला साहेबांचा शिपाई आला आणि त्यानं पाळणा डोक्यावर घेतला. मुलं द्रोणांभोवती तशीच उभी होती. हरभऱ्याला कुणी हात लावला नाही.

बुधवारी हौसाची आई शाळेच्या दारात आली. भागूबाई. एरवी वाड्यावरच्या बाया शाळेत यायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं आधी पोरांना पाणी भरायला पिटाळलं.

“बाई, येक इचारू का? पोरीला मारू नका पर.”

“मी कुणालाच मारत नाही, भागूबाई. विचारा की.”

“कुंची बघितली का तुमी कुटं? लाल खणाची. पेटीत न्हाई. पोरगी बोलंना झालीया. जेवतीय, कामं करतीय, पर कुंचीचं इचारलं की मुकी.”

मला पाळणा आठवला. तरी विचारलं, “कुणाची कुंची?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. “माघात झाल्यालं. पोरगा. धा दिस व्हता. झोळीत घालून खाली दवाखान्याकडं निघालो, नदीपातूर गेलो, तितंच गेला. बाराव्याला दोन दिस कमी. भनीनं कुंची शिवून धाडली व्हती बारशाला, ती आली आन हा गेला.”

ढेब्यांचं घर वाड्यापासून लांब, वरच्या टेकाडावर; माझ्या कानावर यातलं काही आलं नव्हतं. आणि त्या आठ दिवसांत मीही तिकडं फिरकले नव्हते.

“नाव नव्हतं ठिवलं. हौसा रोज इचारायची, आये, त्याला हाक काय मारायची? म्या म्हनलं, गप ऱ्हा. नाव न्हाई त्याला हाक न्हाई. घरात त्याचं नाव काडायचं न्हाई म्हनून तिच्या बानं सांगितल्यालं, आन नाव तर नव्हतंच.” ती जराशी हसली, हसू नव्हतंच ते. “चिंदीच ती, बाई. पर म्या कवा कवा पेटी उघडून वास घ्यायची.”

मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. पाळणा, गादी, बारा द्रोण. द्रोणांचं ऐकताना तिनं तोंडावर पदर धरला. आम्ही दोघी उंबऱ्याच्या अलीकडं-पलीकडं बसून होतो आणि बाहेर मुलं हापशावर पाण्यासाठी भांडत होती. उठताना ती म्हणाली, “त्यांनी बारसं मांडलं व्हतं म्हना की. आमाला जमलं न्हाई ते.”

गुरुवारी शाळा बंद ठेवून मी तालुक्याला गेले. प्रदर्शनाच्या दालनात टेबलावर पाळणा होता. खाली पांढरं कापड, पुढं पुठ्ठ्याची पाटी. “टाकाऊतून टिकाऊ”. खाली शाळेचं नाव, आणि त्याखाली, मार्गदर्शक म्हणून, माझं. पाळणा रिकामा होता. गादीसुद्धा नव्हती.

“कापूस उडत होता सगळीकडं,” तिथला शिपाई म्हणाला. “आणि ते कापड? पाळण्याची बांधणी दिसत नव्हती ना त्यामुळं. काढलं. असेल इथंच कुठंतरी.”

दळवी साहेब आले. मला बघून खूश झाले. “बाई, काम झालं. अहवाल गेला. मोठ्या साहेबांनी दोनदा उचलून बघितला पाळणा. तुमची शाळा राहिली असं समजा.”

मी त्यांना कुंची कुणाची ते सांगितलं. ते ऐकत राहिले. रुमाल शोधायला खिशात घातलेला हात तसाच राहिला.

“मग ते हरभरे,” ते म्हणाले.

“घुगऱ्या होत्या, साहेब.”

त्यानंतर तो माणूस माझ्याबरोबर गुडघ्यावर बसून खोकी उलटीपालटी करत होता. तीन खोकी, दोन गोणपाटं, जिन्याखालचा सगळा कागदाचा ढीग. चकचकीत कागदाची फुलं निघाली, करवंटीचे दिवे निघाले, आइस्क्रीमच्या काड्यांची देवळं निघाली. कुंची निघाली नाही. झाडणाऱ्या बाईला विचारलं तर म्हणाली, सोमवारी दोन टोपल्या कचरा गेला, त्यात काय काय होतं कुणी बघितलंय.

पाळणा घेऊन मी शेवटच्या गाडीनं परतले. शुक्रवारी सकाळी हौसाला एकटीला बोलावलं. तिच्यासमोर खाली बसले. पाळणा मध्ये.

“कुंची?” तिनं विचारलं.

“हरवली. माझ्यामुळं हरवली, हौसा. मी दोरी सोडायला नको होती.”

तिनं मान हलवली. पटलं अशी, की ऐकलं अशी, कळलं नाही. पाळण्याची एक गाठ सैल झाली होती, ती तिनं सवयीनं आवळली.

“परत करूया का आपण?” मी म्हटलं. “कुंची मी शिवते. मला येते शिवायला. तुम्ही मांडा सगळं परत, मी येणार नाही तिकडं. आयेला बोलवा हवं तर.”

“त्याची व्हती ती,” हौसा म्हणाली. समजावून सांगावं तशी. मग पाळणा उचलून तिनं फळ्याखालच्या फळीवर ठेवला. “हितंच ऱ्हाऊ द्या. परत सायब आलं तर दावाया व्हईल.”

तिला टोमणा मारता येत नव्हता. ती खरंच तसं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी मी कळशी, डबी घेऊन राईत गेले. वही घेतली नाही. मुलं माझ्या आधी येऊन जांभळाखाली उभी होती. एरवी मी खडकापाशी पोचेपर्यंत निम्मी झाडावर असायची, निम्मी ओहोळात, आणि मला नुसते आवाज ऐकू यायचे. त्या दिवशी बाराही जण ओळीनं उभी होती. उंचीप्रमाणं. तशी मी त्यांना कधी उभी केली नव्हती. झेंडावंदनालासुद्धा नाही.

“काय झालं?” मी विचारलं. “जा की.”

कुणी हललं नाही.

“काय करायचं, बाई?” हौसानं विचारलं.

“तुम्हाला हवं ते. शनिवार आहे.”

कोंडूनं रानूकडं बघितलं, रानूनं हौसाकडं. “तुमी सांगा,” हौसा म्हणाली. “तुमाला काय पायजे ते सांगा. आमी करतो.”

मी खडकावर बसले. वाऱ्याबरोबर कापूस येत होता आणि पोरांच्या डोक्यांवर बसत होता, कुणी तो झटकत नव्हतं. मी थांबून बघितलं. खूप वेळ थांबले. त्यांची ओळ मोडली नाही. शेवटी मला राहवेना, काहीतरी म्हणायचं म्हणून मी म्हटलं, “पानं गोळा करून आणा. वेगवेगळी. प्रत्येकानं पाच.”

ती गेली. लगेच परत आली. ज्या हौसाला राईतलं पान न् पान ठाऊक होतं तिनं वाटेकडेची पाच पानं माझ्यासमोर ओळीनं मांडली आणि हाताची घडी घालून बसली. तिच्या शेजारी रानूनं मांडली, मग कोंडूनं, मग बाकीच्यांनी. मी मोजली. प्रत्येकानं पाच आणली होती. सहावं कुणी आणलं नव्हतं.